गिटार वाजवायची की जपायची? आधी हवेला विचारा

खंडेनवमीला हत्यारांबरोबर वाद्यंही पूजेला मांडायची रीत आमच्या बेळगावात अजून टिकून आहे. गेल्या वर्षी टिळकवाडीत आमच्या शेजारच्या घरी अशीच एक गिटार माळ्यावरून खाली आली. ती घरातल्या आजोबांची. तरुणपणी कॅम्पातल्या एका गोवेकर मित्राकडून त्यांनी ती विकत घेतली होती आणि शेवटपर्यंत संध्याकाळी ओसरीवर बसून वाजवली. ते गेल्यापासून तिची केस, म्हणजे पेटी, कुणी उघडलीच नव्हती. पूजेसाठी उघडली तेव्हा तारांखालच्या फळीवर वीतभर लांबीची, केसाएवढी बारीक भेग दिसली.

मग वाद सुरू झाला. थोरल्या मुलाचं म्हणणं, आता तिला हातच लावायचा नाही, हॉलमध्ये काचेचं कपाट करून ठेवायची. धाकट्या बहिणीचं म्हणणं, वाद्य न वाजवता ठेवलं की मरतं, माझा मुलगा शिकतोय तर त्याला देऊया. घरातल्या आत्या म्हणाल्या, दृष्ट लागली, आधी लिंबू उतरवा. मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, म्हणून कुंपणापलीकडून हाक आली, "सर, तुम्हीच सांगा की आता."

मी तेव्हा एवढंच म्हटलं की मार्चमध्ये ही भेग पुन्हा बघू. मार्चमध्ये बघितली, तर तिच्यात पोस्टकार्डाची कड आरामात शिरत होती. मधल्या काळात गिटारला कुणी हात लावला नव्हता आणि लिंबूही उतरवून झालं होतं. जो बदल झाला तो हवेत झाला.

गिटारची वरची फळी, सतारवाले जिला तबली म्हणतात, बहुधा स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. जाडी अवघी अडीच-तीन मिलिमीटर. लाकूड म्हणजे झाडाच्या खोडात पाणी वर चढवणाऱ्या बारीक नळ्यांची जुडी. झाड तोडून वाळवलं तरी या नळ्यांच्या भिंती पाण्याशी असलेलं नातं सोडत नाहीत. या भिंती सेल्युलोजच्या लांबलचक रेणूंच्या दोऱ्यांनी विणलेल्या असतात. दोऱ्यांच्या अंगावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि हवेतल्या वाफेचे रेणू त्यांना येऊन चिकटतात. हे दोरे खोडाच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ सरळ ताणलेले असल्यामुळे पाणी दोन दोऱ्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना बाजूला सारतं. म्हणून लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. जांबोटी-खानापूरच्या बाजूला ज्यांनी घरात एक तरी पावसाळा काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आषाढात दार चौकटीत अडकतं ते रुंदीमुळे, उंचीमुळे नव्हे.

आता हिशेब करू. ओलं स्प्रूस पूर्ण कोरडं केलं तर खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने साधारण ४.३ टक्के आकसतं, वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ७.५ टक्के, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. त्यामुळे चांगला कारागीर फळी अशी कापून घेतो की तिची रुंदी त्रिज्येच्या दिशेने पडेल, म्हणजे कमी आकसणाऱ्या दिशेने. लाकडातलं पाणी १ टक्क्याने बदललं की अशा फळीची रुंदी ०.१५ टक्क्याने बदलते. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेली वाफ, ८५ टक्के असेल तर लाकडात पुष्कळ दिवसांनी १७-१८ टक्के पाणी स्थिरावतं. आर्द्रता ५० टक्के असेल तर ९ टक्क्यांच्या आसपास, ३० टक्के असेल तर ६. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये हवा पाण्याने भरलेली असते आणि फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी आर्द्रता तिसाच्या आसपास उतरते. म्हणजे लाकडातल्या पाण्यात ११ टक्क्यांचा फरक. मोठ्या गिटारची फळी रुंद भागात ४० सेंटिमीटर असते. गुणाकार केला तर साडेसहा मिलिमीटर येतात! हे वरचं टोक झालं. पॉलिश आणि बंद केस यांमुळे पाण्याची ये-जा मंदावते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो. पण गिटारला आतून सहसा पॉलिश नसतं, हे लक्षात ठेवा. एका वर्षात फळी दोन-तीन मिलिमीटर रुंद-अरुंद होणं यात नवल नाही.

फळी मोकळी असती तर तिने हे सुखाने केलं असतं. पण आतल्या बाजूला तिच्या रेषांना, म्हणजे लाकडाच्या लांबीच्या दिशेने दिसणाऱ्या उभ्या रेघांना, आडव्या-तिरक्या लाकडी पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या असतात. या पट्ट्या त्यांच्या लांबीत आकसत नाहीत. फळीला आकसायचंय आणि पट्टी म्हणते थांब. या ओढाताणीत लाकूड जिथे सगळ्यात कमजोर तिथे, म्हणजे रेषांच्या दिशेने उभं फाटतं. उन्हाळ्यात फाटतं, पावसाळ्यात फुगून ती फट मिटते, म्हणून दसऱ्याला केसाएवढी दिसते आणि लोकांना वाटतं आत्ताच झाली.

भेग हा रोग दिसतो तरी. दुसरा दिसत नाही, आणि मला खरं सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारा मिळून ७० ते ७५ किलो वजनाएवढा ताण देतात. एक मोठा माणूस त्या अडीच मिलिमीटरच्या फळीला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा. शिवाय तारा ब्रिजच्या, म्हणजे घोडीच्या, माथ्यावरून ओढतात, त्यामुळे घोडी पुढे कलते, तिच्या मागची फळी वर येते आणि पुढची दबते. लाकूड सतत वजनाखाली राहिलं की हळूहळू वाकतं, हे जुन्या घराच्या तुळया बघून आपल्याला ठाऊक आहे. हे वाकणं मात्र वेळेबरोबर मंदावत जातं. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन या दोन संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात वेगळीच गोष्ट दाखवली. वजनाखाली असतानाच लाकडातला ओलावा बदलू दिला, तर ते ओलावा स्थिर ठेवलेल्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त वाकतं. नुसतं कोरडं लाकूड टिकतं, नुसतं ओलं लाकूडही बऱ्यापैकी टिकतं. पण कोरडं-ओलं-कोरडं असे फेरे वजनाखाली झाले की प्रत्येक फेऱ्यात वाक थोडा वाढत जातो आणि तारा उतरवल्या तरी तो पूर्ण परत येत नाही.

हे का होतं याचं चित्र मला खानापूरहून येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये सापडलं. बस खच्चून भरलेली, सगळे एकमेकांना आणि दांड्यांना धरून उभे. कंडक्टर ओरडतोय, "मागं सरका, हिंदक सरीरी!" कुणी हलत नाही, कारण प्रत्येकाचा हात कुठे तरी पक्का आहे. मग थांबा येतो. चार जण उतरतात, सहा चढतात, त्यांना वाट द्यायला हात सुटतात, आणि पुन्हा धरताना प्रत्येक जण आधीपेक्षा पाऊलभर मागे असतो. कंडक्टरचा रेटा तोच होता, सरकवलं ते चढ-उतारीने. लाकडात सेल्युलोजचे दोरे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, तारांचा ताण हा कंडक्टर, आणि पाण्याचे रेणू हे चढणारे-उतरणारे प्रवासी. पाणी आत येताना किंवा बाहेर जाताना बंध क्षणभर सुटतात आणि पुन्हा जुळताना ताणाच्या दिशेने थोडे सरकून जुळतात. एकही थांबा नसलेली बस, म्हणजे स्थिर आर्द्रता. बेळगावचं एक वर्ष म्हणजे निदान एक मोठा फेरा आणि रोजचे लहान फेरे वेगळेच.

आता माळ्यावरची गिटार डोळ्यांसमोर आणा. तारा पूर्ण चढवलेल्या आणि वर तापणारं छप्पर. तिला कुणी वाजवत नाही, म्हणून ती विश्रांती घेतेय असं आपण समजतो. लाकडाच्या दृष्टीने ती अखंड कामावर आहे.

वाजवण्याने त्यात भर किती पडते? तार छेडली की फळी हलते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या घरात. ७० किलोच्या कायमच्या ओढीपुढे हे काहीच नाही. वाजवण्याने झिजतात ते धातूचे पडदे, खुंट्या, तारा, कोपर टेकतं तिथलं पॉलिश. यातलं जवळजवळ सगळं कारागीर बदलून देऊ शकतो. अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी १९६९ मध्ये घेतलेली गिटार वाजवून-वाजवून फळीला मोठं भोक पडलंय, तरी ती चालते आहे. तारांच्या ओढीने मान वर आली आणि फळीचं पोट सुटलं, तर मात्र दुरुस्ती अवघड आणि खर्चिक.

म्हणून थोरल्याची काचेच्या कपाटाची कल्पना मला पटली नाही. पण धाकटीचं म्हणणं तरी खरं का? न वाजवता वाद्य मरतं आणि वाजवत राहिल्याने त्याचा आवाज खुलतो, असं आमच्याकडे सतारवाले, तंबोरेवाले, व्हायोलिनवाले सगळेच मानतात. सिडनीत याची नीट परीक्षा झाली. हॅरी वॅटिलिओटिस या कारागिराने एकाच लाकडापासून दोन जुळी व्हायोलिनं बनवली. एक तिथल्या पॉवरहाऊस संग्रहालयात ठेवलं, ते क्वचितच वाजलं. दुसरं एका व्यावसायिक वादकाने वाजवलं. तीन वर्षांनी वादकांना आणि श्रोत्यांना, कुठलं कोणतं हे न सांगता, दोन्हींना गुण द्यायला सांगितलं. फरक सापडला नाही. हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिटारला यंत्राने कित्येक तास थरथरवून तिचा आवाज 'पिकवण्याची' उपकरणं विकली जातात. त्यांचीही चाचणी २०१४ मध्ये झाली आणि वादकांना फरक ओळखता आला नाही. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. १९९६ मध्ये हंट आणि बालसान यांनी दाखवलं होतं की दमट हवेत लाकडाची पट्टी बराच काळ कंपत ठेवली तर ती थोडी ताठ होते आणि कंपन कमी शोषते. प्रयोगशाळेतल्या पट्टीत हे दिसतं. कानाला जाणवेल एवढं अख्ख्या वाद्यात दिसत नाही. लाकूड वयानुसार बदलतं हेही खरं, त्यातले काही घटक विघटित होतात आणि ते पाणी कमी धरतं. पण त्यासाठी कुणी वाजवायला लागत नाही, त्याला दशकं लागतात. महिनाभर वाजवल्यावर 'खुलली' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा वादकाचा हात खुललेला असतो, किंवा तारा नव्या असतात.

मग जपायचं कधी? वाद्य हाच पुरावा असेल तेव्हा. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात स्ट्राडिव्हरी या नामांकित इटालियन कारागिराने १७१६ मध्ये घडवलेलं 'मसाया' नावाचं व्हायोलिन आहे, ते वाजवत नाहीत. त्याचं पॉलिश, त्याच्या कडा, मूळ कारागिराचा हात जिथे थांबला तिथेच आहेत, आणि एकदा झिजले की ती माहिती कायमची जाते. उलट पागानिनी या विख्यात इटालियन वादकाचं १७४३ मधलं व्हायोलिन जिनोआ शहराने सांभाळलंय आणि निवडक वादकांच्या हाती ते अजूनही वाजतं. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. आमच्या शेजाऱ्यांची गिटार मात्र अशी एकमेव नाही. तिची किंमत आहे ती आजोबा ओसरीवर ती वाजवत म्हणून. काचेआड ती किंमत टिकेल असं मला वाटत नाही.

अशा गिटारच्या पाठीचं आणि बाजूंचं लाकूड बघायला मला फार आवडतं. ते बहुधा शिसव असतं, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधून शिसवाचे ओंडके मिळणं बंद झाल्यावर जगभरच्या कारखान्यांनी ज्या भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला, ते झाड आपल्या दांडेली-खानापूरच्या रानात वाढतं. समुद्रापलीकडे गिटार होऊन गेलेलं आपल्याकडचं झाड!

मार्चमधल्या त्या दुपारी मी त्यांना पहिलं काम सांगितलं ते मोबाइलचा दिवा लावून आवाजाच्या भोकाची कड बघण्याचं. कडेवर सँडविचसारखे थर दिसले तर फळी प्लायवूडची. तिचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ती फारशी फुगत-आकसत नाही, आवाज थोडा बंद पण काळजी कमी. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर अखंड लाकूड. रेषा उतरत होत्या.

मग तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणला. तो खरं बोलतो का हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, रवाळ चिखल होईल एवढंच पाणी घालायचं, आणि मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. काटा त्यापासून जेवढा दूर तेवढी त्याची चूक. हा प्रयोग धाकटीच्या मुलाने, म्हणजे आजोबांच्या नातवाने केला, मापक ४ टक्के जास्त दाखवत होता, आणि त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

गिटार माळ्यावरून उतरून मधल्या खोलीत आली. पावसाची झड लागते ती पश्चिमेची भिंत सोडून, टणक केसमध्ये. केसमधली हवा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये ठेवायची. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज, लाकडाला न टेकता. केसमध्ये सापडलेल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या. त्या कसर पळवतील, दमटपणा नाही. भेग कारागिराकडून आतून ठिगळ लावून सांधून घेतली. परीक्षेच्या दिवसांत महिनाभर हात लागणार नसेल तर तारा काढायच्या नाहीत, दोन-तीन स्वरांनी उतरवून ठेवायच्या.

आणि एक नोंद. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नातू बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे हे स्टीलच्या पट्टीने मोजतो आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनात लिहितो, शेजारी मापकाचा आकडा. एप्रिलमध्ये २.५ मिलिमीटर होती, ऑगस्टमध्ये फळी फुगून ३ वर गेली. खंडेनवमीला ती २.५ च्या जवळ परत उतरते की वरच राहते, हे बघायला मी कुंपण ओलांडून जाणार आहे.