सदैव दोन-तीन वर्षे दूर

शिक्षणात उद्या कोणते तंत्रज्ञान येणार, हे सांगणारे पुष्कळ असतात. पण आपले भाकीत दरवर्षी एकाच साच्यात छापून ठेवणारे विरळा. अमेरिकेतील न्यू मीडिया कन्सॉर्शियम या संस्थेने २००४ सालापासून काढलेले ‘होरायझन’ अहवाल त्यामुळेच मोलाचे ठरतात. त्यांचे जुने अंक शेजारी शेजारी ठेवून वाचले की भाकीत नेमके कुठे लंगडते, ते दिसू लागते.

उच्च शिक्षणाविषयीच्या या अहवालात सहा तंत्रज्ञाने निवडून त्यांची तीन टप्प्यांत विभागणी केली जाई: वर्षभरात रुळणारी, दोन-तीन वर्षांत रुळणारी आणि चार-पाच वर्षांत रुळणारी. निवडीसाठी ‘डेल्फी’ पद्धतीचे सुधारित रूप वापरले जाई. मूळ पद्धत १९५०च्या दशकात रँड या संस्थेत आकाराला आली. तीत तज्ज्ञांना एका टेबलाभोवती न बसवता प्रत्येकाचे मत स्वतंत्रपणे मागवतात, सगळ्यांची उत्तरे एकत्र करून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवतात आणि मत बदलायचे आहे का, असे विचारतात. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचा दबाव त्यामुळे टळतो, हे खरेच. परंतु सगळेच तज्ज्ञ त्याच परिषदांना जाणारे आणि त्याच बातम्या वाचणारे असतील, तर त्यांच्या एकमतातून भविष्यापेक्षा आजची हवाच अधिक कळते.

खेळाधारित शिक्षणाचे उदाहरण पाहा. २०११च्या अहवालात ते दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात होते, २०१२मध्ये तिथेच राहिले आणि २०१३मध्ये नाव किंचित बदलून पुन्हा तिथेच आले. (‘होरायझन’ म्हणजे क्षितिज, चालत जावे तसे ते मागे सरकते, हे नाव ठेवताना कुणाच्या मनात नसावे.) उलट २०११च्या उत्तरार्धात स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी सर्वांसाठी मोफत खुल्या केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन वर्गाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले, तरी असे महाकाय खुले अभ्यासक्रम, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ (MOOC), २०१२च्या सहांच्या यादीत नव्हते. २०१३मध्ये मात्र ते थेट ‘वर्षभरात’ या टप्प्यात दाखल झाले.

नावनोंदणीचा आकडा पाहून विद्यापीठांचे दिवस भरले, असेही तेव्हा बोलले गेले. पुढे २०१९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांचा आढावा प्रसिद्ध झाला. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता आणि २०१७-१८मध्ये तो पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के होते. व्याख्यान लाखोंपर्यंत पोहोचवणे यंत्राला जमले होते. पण दिवसभराच्या कामानंतर कुणाला रोज अभ्यासाला बसवणे हे वेगळेच काम होते, आणि भाकीत करणाऱ्यांनी त्याचा हिशेबच धरला नव्हता. माझ्या मते खरी गफलत इथे आहे. यंत्र काय करू शकते, हे अदमासता येते. वेळापत्रक, परीक्षा, शिक्षकाचा वेळ आणि विद्यार्थ्याची चिकाटी यांच्याशी त्याचे कसे जुळेल, हे यंत्राकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही.

हा अहवाल नंतर एज्युकॉज या संस्थेकडे गेला. तिने २०२०पासून वर्षांचे टप्पे वगळले आणि त्याऐवजी वाढ, मर्यादा, कोसळणे आणि कायापालट अशी भविष्याची चार चित्रे रेखाटली. तारीख सांगण्याचा हट्ट सोडला, हे शहाणपणाचेच झाले. २०२२च्या यादीत कृत्रिम बुद्धिमत्ता होती. पण ती विद्यार्थ्यांच्या नोंदींचे विश्लेषण करणारी आणि अध्ययनाच्या साधनांत वापरली जाणारी. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आले आणि पहिला धक्का बसला तो घरून लिहून आणायच्या निबंधाला. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३मध्ये आपल्या संगणकांवर आणि नेटवर्कवर त्याला बंदी घातली, आणि मे महिन्यात ती मागे घेतली.