राई किती मोठी, एवढंच विचारून भागत नाही

श्रावणात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या देवराईत शिरताना पहिली दहा-पंधरा पावलं रानमोडीच्या झुडपांतून वाट काढावी लागते. तिथे ऊन जमिनीपर्यंत येतं आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली की पाचोळा वरून कुरकुरीत होतो. आत गेलं की तोच पाचोळा हाताला गार आणि जड लागतो. थर उचलला की खाली वाणी, गोगलगायी, बोटाच्या पेराएवढे बेडूक. इथल्या केरी गावाहून 2007 साली नवी जात म्हणून नोंदलेलं बिनपायांचं उभयचर देवगांडूळ, गेगेनिओफिस गोएन्सिस, अशाच ओल्या मातीतलं.

रानाची कड आणि आतला गाभा यांतला हा फरक शास्त्राने आधी उलट्या बाजूने पाहिला. अमेरिकेत वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी 1933 साली मांडलं की रान आणि शेत जिथे भिडतात तिथे शिकारीचे पशुपक्षी जास्त मिळतात. म्हणजे कड चांगली, आणि पुढे कित्येक वर्षं वनखात्यांनी ती मुद्दाम वाढवली. 1978 मध्ये मिशिगनमधल्या अभ्यासात दिसलं की कडेला पक्ष्यांची घरटी जास्त असतात, पण त्यांतून उडून जाणारी पिल्लं कमी. नुसती संख्या मोजून जागेची पारख होत नाही, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

त्याआधी 1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी बेटांवरच्या जातींचा सिद्धांत मांडला होता. रानाचा तुकडा म्हणजेही एक बेटच, असं धरून जेरेड डायमंड यांनी 1975 मध्ये अभयारण्यांच्या आकृत्या काढल्या: गोल तुकडा बरा, लांबट वाईट. 1980 च्या जागतिक संवर्धन धोरणातही त्या आल्या. वादही झाले. भटक्या प्राण्याला लांबट पट्टा वाटेत जास्त वेळा लागतो, तसा तो त्यातून बाहेरही लवकर पडतो. मग आत किती जीव उरतील, ते कड ओलांडणं किती सोपं आहे त्यावर ठरतं. अमेरिकेत समान क्षेत्रफळाचे चौकोनी आणि लांबट गवताळ तुकडे राखून त्यांत कुरणी उंदीर मोजले गेले, ते याच प्रश्नासाठी. ब्राझीलमध्ये मनौसजवळ 1979 पासून 1, 10 आणि 100 हेक्टरांच्या तुकड्यांवर चाललेल्या कामाने दाखवलं की कडेचा वारा आणि ऊन रानात खोलवर शिरतात.

गोव्यात कडेपलीकडे काय आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. राईला कुळागर, म्हणजे बागायत, लागून असेल तर माडा-पोफळींची सावली आणि पाटाचं पाणी कड सौम्य करतात. बेडकाला तिथून पुढे जाता येतं. काजूची उघडी बाग किंवा खाणीची माती असेल तर तीच कड भिंत होते.

हिशेब करून पाहा. 1 हेक्टरची चौरस राई, बाजू 100 मीटर. कडेचे 10 मीटर सुकतात असं धरलं तर 6,400 चौरस मीटर गाभा उरतो. तेवढंच रान 20 मीटर रुंद आणि 500 मीटर लांब असेल तर गाभा शून्य. चौरस राईच्या मधून 10 मीटरांचा रस्ता काढला तर कागदावर जाते फक्त एक दशांश जमीन. गाभा मात्र 4,000 वर येतो. मोले अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा रूळ नेण्याला दिलेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द केली. तिथेही रान कापलं जाणार होतं ते असंच, लांब पट्टीने.