चेहऱ्याच्या हाडांचे अस्थिभंग

चेहऱ्याच्या सांगाड्यातील एखादे किंवा अनेक हाडे आघाताने चिरणे, मोडणे अथवा जागेवरून सरकणे याला चेहऱ्याचा अस्थिभंग म्हणतात. या सांगाड्यात 14 हाडे असून त्यांपैकी हलते ते फक्त खालच्या जबड्याचे. बाकीची एकमेकांत घट्ट सांधलेली असतात. चेहऱ्याचा मधला भाग बाहेरून भरीव वाटला, तरी आत हवेच्या पोकळ्या, त्यांभोवती कागदासारखे पातळ पडदे आणि त्यांना तोलून धरणारे जाड उभे खांब अशी त्याची रचना असते. हे खांब चावण्याचा जोर खालून वर कवटीपर्यंत नेण्यासाठी घडलेले आहेत. समोरून किंवा बाजूने बसणारा तडाखा त्यांना तितकासा सोसत नाही. त्यामुळे हाड कुठे मोडेल हे तडाख्याच्या जोराइतकेच त्याच्या दिशेवर अवलंबून असते, आणि मोडीच्या रेषा पाहून आघात कसा झाला असावा याचा पुष्कळदा अंदाज बांधता येतो.

हा संबंध पद्धतशीरपणे दाखवला तो फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फोर यांनी. मृतदेहांच्या डोक्यांवर निरनिराळ्या दिशांनी आघात करून त्यांनी 1901 मध्ये वरच्या जबड्याच्या भंगाच्या तीन रेषा नोंदवल्या. पहिलीत दातांसह टाळू आडवा सुटतो, दुसरीत नाकाच्या मुळापासून खाली पिरॅमिडच्या आकाराचा तुकडा वेगळा होतो आणि तिसरीत सगळा मध्यचेहराच कवटीपासून विलग होतो. प्रत्यक्ष रुग्णात या रेषा इतक्या स्वच्छ क्वचितच दिसतात. डावीकडे एक प्रकार आणि उजवीकडे दुसरा, असेही होते.

भारतात या अस्थिभंगांचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात, त्यातही दुचाकीचे, आणि रुग्णांत तरुण पुरुष अधिक. कोल्हापूर जिल्हाही याला अपवाद नाही. पुणे–बंगळूर महामार्गावरील वेगवान वाहतूक, शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींकडे पाळी गाठायला निघालेले दुचाकीस्वार आणि गळीत हंगामात रात्री रस्त्याने जाणाऱ्या ऊसाच्या ट्रॉल्या या सर्वांची येथे गाठ पडते. मागे लाल दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही, आणि तिच्याबाहेर आलेल्या मोळ्यांवर किंवा लोखंडी फाळक्यावर आदळणाऱ्या स्वाराचा चेहरा हँडलच्याही आधी धडकू शकतो. असा आघात मध्यचेहऱ्यावर बसतो. उलट, गाडी घसरून हनुवटीवर पडलेल्या माणसाचा खालचा जबडा मोडतो. हे हाड कमानीसारखे असल्याने मार एका जागी बसूनही मोड दोन ठिकाणी सापडते : हनुवटीजवळ एक आणि कानापुढे सांध्यालगत याच हाडाच्या अरुंद मानेत दुसरी. हनुवटी फुटलेल्या रुग्णाचे कानाजवळचे दुखणे म्हणूनच दुर्लक्षू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे हेल्मेट सक्तीचे आहे. मात्र अर्धे हेल्मेट डोके झाकते, जबडा उघडाच ठेवते.

कुस्तीच्या कोल्हापूर शहरात तालमीतल्या दुखापतींचा विचार ओघाने येतो. लाल माती मऊ असते आणि कुस्तीत ठोसा नव्हे तर पकड असते. तरी डोक्याला डोके आपटून किंवा कोपर लागून नाकाचे हाड मोडू शकते. चेहऱ्यातील सर्वांत कमी जोरात मोडणारे हाड तेच. (पैलवानाचा चुरगळलेला कान मात्र कूर्चेच्या दुखापतीचा असतो, अस्थिभंगाचा नव्हे.) पेठांच्या संघांमध्ये रंगणाऱ्या फुटबॉलमध्ये चेंडू डोक्याने मारताना दोघे एकत्र उडाले, की कोपर किंवा डोके गालाच्या हाडावर बसते. धार काढायला उकिडवे बसलेल्या माणसाचा चेहरा म्हशीच्या लाथेच्या नेमक्या उंचीवर असतो, हेही गवळीवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही.

मारहाणीतील आघाताची ओळख वेगळी असते. मारणारा बहुधा उजव्या हाताचा असल्याने समोरच्याचे डावे गाल आणि जबड्याचा डावा कोन जास्त सापडतात. या कोनात अक्कलदाढ अडकलेली असेल तर तेथील हाड आधीच दुबळे असते. पाय घसरून पडल्याचे सांगणाऱ्या स्त्रीच्या नाक-हनुवटीला खरचटलेले नाही, पण डोळ्याखालचे हाड मोडले आहे, असे दिसले तर डॉक्टरने तिला एकटीला विश्वासात घेऊन पुन्हा विचारणे योग्य ठरते.

डोळ्यावर मूठ किंवा चेंडू बसल्यास खोबणीची पातळ तळभिंत खाली फुटते, गाल बधिर होतो आणि वर पाहताना एकाच्या दोन वस्तू दिसतात. लहान मुलांत हाड लवचीक असल्याने ती फट झडपेसारखी मिटून स्नायू पकडते. डोळा बाहेरून स्वच्छ दिसत असूनही मूल ओकते, आणि तेव्हा शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. म्हातारपणी दात पडून झिजलेला जबडा साध्या पडण्यानेही मोडतो. तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांत तर कधी तेवढेही निमित्त लागत नाही.

दात पूर्वीसारखे एकमेकांवर न बसणे ही जबडा मोडल्याची सर्वांत बोलकी खूण होय. खालचा ओठ बधिर होणे आणि जिभेखाली रक्त साकळणे या इतर खुणा. नाकातून पाण्यासारखा स्राव आला तर तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. सूज गालाचा खड्डा काही दिवस झाकून ठेवते, म्हणून पहिल्या दिवशीच्या दिसण्यावर विसंबू नये आणि जबडा चोळून ‘बसवून’ घेऊ नये. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिला राजे रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा रुग्णाचा प्रथम श्वासमार्ग, रक्तस्राव, मान आणि मेंदू तपासला जातो, हाडे त्यानंतर.

निदानासाठी सीटी स्कॅन सर्वांत उपयुक्त ठरतो. सरकलेले तुकडे टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडतात. काहींचे वरचे-खालचे दात तारेने चार ते सहा आठवडे बांधून ठेवले जातात. त्या काळात ताक, पेज आणि गाळलेला रस्सा एवढ्यावर भागवावे लागते, आणि उलटी झाल्यास तोंड लगेच मोकळे करता यावे म्हणून तार कापण्याची कात्री रुग्णाच्या उशाशी ठेवतात.