इलेक्ट्रिक विमानात एवढं सॉफ्टवेअर आलं कुठून?

छोट्या ट्रेनर विमानाचं जुनं पिस्टन इंजिन बघितलंत तर त्यात दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी स्वतःची वीज बनवणारी यंत्रं असतात, इंजिन फिरतंय तोवर ते स्वतःच ठिणगी पाडत राहतात, त्यामुळे हवेत बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, रेडिओ बंद पडला तरी इंजिन आपलं चालूच. कोडची एक ओळ नाही त्यात. इलेक्ट्रिक विमानात मात्र कोड थांबला की पंखा थांबला. म्हणून तिथे एम्बेडेडवाल्यांना, म्हणजे यंत्राच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी कोड लिहिणाऱ्यांना, एवढा भाव आहे, पण हे असं कसं झालं त्याची गोष्ट बरीच मागून सुरू होते.

विजेवर उडणं तसं पेट्रोलपेक्षाही जुनं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1884 मध्ये फ्रान्समध्ये रेनार आणि क्रेब्स यांनी 'ला फ्रान्स' नावाचं एअरशिप विजेच्या मोटरवर 23 मिनिटांत 8 किलोमीटर फिरवून परत जागेवर आणलं, राइट बंधूंच्या 19 वर्षं आधी, आणि त्याची बॅटरीच 435 किलोची होती. तिथेच घोडं अडलं. मग 21 ऑक्टोबर 1973 ला ऑस्ट्रियात वेल्स इथे फ्रेड मिलिट्कीने एका मोटर ग्लायडरमध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी आणि बॉशची डीसी मोटर बसवली, हाइनो ब्रडिच्काने ते 9 मिनिटं उडवलं. माणूस बसलेलं पहिलं इलेक्ट्रिक विमान म्हणतात ते हेच. सॉफ्टवेअरचं काम तेव्हाही शून्यच, कारण डीसी मोटरमध्ये कुठल्या कॉइलला कधी करंट द्यायचा ते ब्रश आणि कम्युटेटर आपापलं बघतात.

गंमत म्हणजे याच्या जेमतेम दीड वर्ष आधी, मे 1972 मध्ये, नासाने एका एफ-8 फायटरमधल्या कंट्रोलच्या दांड्या-केबल काढून टाकून विमान कॉम्प्युटरवर उडवलं होतं आणि तो कॉम्प्युटर होता अपोलोचा, ज्या जातीचा चंद्रावर जाऊन आला तोच. ही कल्पना सुचवणाऱ्यांत खुद्द नील आर्मस्ट्राँग होता. तिथून डिजिटल फ्लाय-बाय-वायर आलं, म्हणजे पायलटची आज्ञा केबलऐवजी कॉम्प्युटरमार्फत विजेच्या तारांतून जाणं, 1987 ला तसंच चालणारं एअरबस ए320 हे प्रवासी विमान उडालं, आणि विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-178 नावाचं स्टँडर्ड तयार झालं, त्याची बी आवृत्ती 1992 ची आणि आजची सी आवृत्ती 2011 ची. जे सॉफ्टवेअर चुकलं तर अख्खं विमानच जाऊन बरीच माणसं मरू शकतात ते लेव्हल ए, त्याला 71 ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ठरवून दिलेल्या गोष्टी, पूर्ण करावे लागतात. यात एमसीडीसी म्हणून एक प्रकार आहे: तुमच्या कोडमधल्या एखाद्या 'इफ'मध्ये (अमुक असेल तर तमुक कर) चार अटी असतील तर त्यातली प्रत्येक अट एकटीच्या जोरावर निकाल बदलू शकते हे टेस्ट करून दाखवायचं. कोड लिहायला एक दिवस आणि हे दाखवायला किती ते विचारू नका.

दुसरी वाट आली गाड्यांकडून. बॉशने 1986 ला कॅन बस, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायची सामाईक तार, आणली, पुढे लिथियम बॅटरी आल्या, आणि ब्रशवाली मोटर जाऊन परमनंट मॅग्नेटवाली ब्रशलेस आली. या मोटरला नुसती बॅटरी जोडली तर ती फिरतच नाही. सेकंदाला दहा-वीस हजार वेळा फेजचे करंट वाचायचे, रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कुठल्या अँगलला आहे ते बघायचं, हिशोब करायचा आणि बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरचे स्विच उघडझाप करायचे, हे सगळं 50 ते 100 मायक्रोसेकंदांत. ब्रशचं काम सॉफ्टवेअरकडे आलं ते असं.

खरी पंचाईत या दोन वाटा एकत्र आल्यावर झाली. गाडीत आपण काय करतो, सेल तापला किंवा सेन्सर वेडंवाकडं सांगायला लागला की टॉर्क, म्हणजे मोटरचा जोर, शून्य करायचा, काँटॅक्टर, म्हणजे बॅटरी तोडणारा मोठा स्विच, उघडायचा, गाडी कडेला, विषय संपला. हवेत कडा कुठून आणणार? तिथे टॉर्क शून्य करणं हाच मोठा फॉल्ट. त्यामुळे गाडीत ज्याला सेफ स्टेट म्हणतो ती अख्खी कल्पनाच विमानासाठी नव्याने मांडावी लागते, आणि माझ्या मते एम्बेडेडवाल्यांच्या या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, मोटर कंट्रोलचं गणित नाही. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलचं व्हेलिस इलेक्ट्रो हे युरोपात टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला उडायची अधिकृत मंजुरी, मिळालेलं पहिलं पूर्ण इलेक्ट्रिक विमान, जून 2020 चं. त्यात दोन बॅटरी पॅक आहेत, एक बिघडला तर सिस्टिम तो आपोआप तोडते आणि दुसऱ्यावर विमान चालू राहतं.

पण सगळ्या जोड्यांत एकच बग असेल तर जोड्या लावूनही उपयोग नसतो. बोइंग 787 हे इलेक्ट्रिक विमान नाही, पण वीज खूप वापरतं. जानेवारी 2013 मध्ये त्याच्या लिथियम बॅटऱ्यांमुळे जगभरची 787 जमिनीवर आली, एअर इंडियाची सुद्धा. ते सगळ्यांना आठवतं. 2015 चं प्रकरण कमी जणांना माहीत आहे: लॅब टेस्टिंगमध्ये असं दिसलं की विमानाचे जनरेटर सांभाळणारं जनरेटर कंट्रोल युनिट सलग 248 दिवस चालू राहिलं तर त्याच्या सॉफ्टवेअरमधला एक काउंटर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे मावेल त्यापेक्षा मोठा होतो, आणि युनिट फेलसेफमध्ये जातं, म्हणजे काम थांबवतं. 2147483647 ला 100 ने आणि मग 86400 ने भागून बघा, 248 दिवस आणि वर थोडे तास येतात, म्हणजे साइन्ड 32 बिटमध्ये (त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच) सेकंदाचे शंभरावे भाग मोजले तर होईल तेवढंच. मुख्य युनिट चार, पण चारही एकाच वेळी चालू केली असतील तर चारही एकाच वेळी जाणार, आणि विमानाची सगळी एसी पॉवर गायब. अमेरिकेच्या विमान नियामक एफएएने तेव्हा विमान कंपन्यांना सांगितलेला तातडीचा उपाय अगदी आपला नेहमीचा होता, मुदत भरायच्या आत पॉवर बंद करून परत चालू करा.