लागणे (क्रियापद) : अर्थ आणि खानदेशातील वापर

'लागणे' हे मराठीत सतत वापरले जाणारे अकर्मक क्रियापद आहे. चिकटणे किंवा स्पर्श होणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यातूनच भूक, आग, झोप, ठेच, नोकरी, निकाल, नाते, चव, भाव, सक्ती आणि सुरुवात इतक्या दूरदूरच्या गोष्टी या एका शब्दाने सांगता येतात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे आणि नाशिक जिल्ह्याचा लगतचा भाग मिळून होणाऱ्या खानदेशात प्रमाण मराठी, अहिराणी, लेवा बोली अशा सगळ्याच बोलण्यात ते आहे. अहिराणीत त्याचे वर्तमानकाळी रूप 'लागस' आणि भूतकाळी रूपे 'लागना, लागनी, लागनं' अशी होतात. मात्र त्याच्या अर्थांतला एक मोठा वाटा अहिराणीने दुसऱ्याच क्रियापदाकडे सोपवला आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

संस्कृत 'लग्' धातू आणि प्राकृत 'लग्गइ' यांतून हे क्रियापद आले. 'लग्न' हा शब्दही त्याच धातूचा. त्याचा जुना अर्थ जोडलेले, चिकटलेले असा आहे. जुन्या मराठीत 'मजलागीं', 'तुजलागीं' अशी रूपे भेटतात. त्यांतला 'लागीं' हा 'साठी' किंवा 'ला' या अर्थाचा प्रत्ययासारखा शब्द. आजचा 'ला' हा प्रत्यय त्यातूनच झिजून आला, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर 'मला भूक लागली' या तीन शब्दांत एकच धातू दोनदा बसला आहे. अहिराणीत 'ला'च्या जागी 'ले' येतो : 'माले भूक लागनी'.

अशा बहुअर्थी क्रियापदांपुढे कोशकारांचा कस लागतो. इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा मान बराच काळ 'सेट'कडे होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद त्याचीच होती. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाल्यावर 'रन'ने त्याला मागे टाकले. अर्थाच्या दृष्टीने मात्र 'लागणे'च्या जवळ जाणारे इंग्रजी क्रियापद 'गेट' हे आहे. मिळणे, होणे, पोहोचणे, सक्ती असणे अशी त्याचीही व्याप्ती मोठी. फरक वाक्याच्या रचनेत आहे. 'गेट'च्या वाक्यात माणूस सहसा कर्त्याच्या जागी असतो. 'लागणे'च्या वाक्यात तो बहुधा 'ला' लावून बाजूला उभा असतो, आणि भूक, तहान, थंडी, नोकरी किंवा छंद येऊन त्याला चिकटतो. हे एवढे सूत्र धरले तर या क्रियापदाचे निम्मे अर्थ आपोआप उलगडतात. वेगवेगळे अर्थ क्रमांक देऊन पाठ करण्याची पद्धत त्यापुढे फारच कंटाळवाणी आहे.

ज्याला कर्ता हवा आहे त्याच्यासाठी 'लावणे' हे सकर्मक क्रियापद आहे. वाऱ्याने दार लागते, माणूस दार लावतो. आग लागली म्हटले की ती कोणी लावली हा प्रश्न मोकळा राहतो. गावातल्या भांडणात आणि पोलिसांच्या पंचनाम्यात हा फरक फार मोलाचा असतो.

खानदेशात या क्रियापदाला सर्वांत जास्त काम शेतीत आहे. रोहिणी लागली की बागायती कापसाची घाई, मृग लागला की कोरडवाहू पेरणीची. कपाशीला आधी पाते लागते, मग फूल, मग बोंड. केळीचे मात्र वेगळे. घड बाहेर पडू लागला की रावेर-यावलकडचा शेतकरी 'घड लागला' म्हणत नाही; 'केळी निसवली' म्हणतो. पिकाला जिथे स्वतःचा नेमका शब्द आहे तिथे सर्वत्र चालणारे 'लागणे' मागे सरते. पण माल विकायच्या वेळी ते परत येते. नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) काय भाव लागला, पिलबागेला (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या बागेला) काय लागला, रावेरला किती आणि मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला किती, ही चौकशी केळीपट्ट्यात रोजची. इथे 'मिळाला'ऐवजी 'लागला' म्हणण्यात भाव ठरवणारा आपण नव्हे, याची कबुली आहे.

पाण्याबद्दलचा वापर जवळून पाहण्यासारखा आहे. बोअरची गाडी शेतात उभी असते. छिद्रातून कोरडी पांढरी धूळ उडत असते आणि मालक आडोशाला उभा राहून पाइप मोजत असतो. धुळीचा रंग बदलून ओला गाळ 'यायला लागतो', तेव्हा कोणीतरी ओरडते, 'पाणी लागलं!' पहिले लागणे सुरुवातीचे, दुसरे गाठ पडण्याचे. ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही.

'गाडी लागणे' याचे तर निदान तीन अर्थ आहेत. धुळ्याच्या बसस्थानकावर 'शिरपूर गाडी लागली का?' म्हणजे ती फलाटावर येऊन उभी राहिली का. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना 'पोराला गाडी लागते' म्हणजे त्याला मळमळते, खिडकीजवळ बसवा. आणि 'त्याला गाडी लागली' म्हणजे धक्का बसला, दवाखान्यात न्या. इथे निवाडा संदर्भ करतो, आणि थोडासा बोलणाऱ्याचा चेहराही. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा 'ऊन लागलं' हेही साधे विधान राहत नाही. ते आजाराचे नाव होते आणि घरात कांदा, कैरीचे पन्हे यांची शोधाशोध सुरू होते.

नात्याच्या चौकशीत हेच क्रियापद येते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बाईला शेजारची म्हातारी नव्या पाहुण्याकडे बोट दाखवून विचारते, 'हाऊ तुना कोन लागस?' उत्तर येते, मावसभाऊ लागतो, चुलत सासरा लागतो, गावच्या नात्याने काका लागतो. स्वतःच्या आईला मात्र कोणी 'ती माझी आई लागते' म्हणत नाही. जे नाते मोजून, जोडून सांगावे लागते तेच 'लागते'. जे उघड आहे ते नुसते असते. म्हणून 'तो माझा कोणी लागत नाही' हे वाक्य इतके तोडून टाकणारे.

चवीसाठीही 'लागणे'च. वांग्याचे भरीत तिखट लागते, कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराची चव लागते, आणि लक्ष नसले की भात खालून लागतो. हिंदीतील 'लगना' चव आणि मत दोन्ही सांभाळते. मराठीने मताचे काम 'वाटणे'कडे दिले, आणि अहिराणीनेही : 'माले वाटस'. बऱ्हाणपूरच्या हद्दीला लागून राहणाऱ्यांच्या कानावर दोन्ही पद्धती रोज पडतात.

आता सुरुवातीला सांगितलेला वाटा. प्रमाण मराठीत सक्ती 'लागणे'ने सांगतात : 'मला जावे लागले', 'गोळी घ्यावी लागली'. बोलताना 'जावे'चे 'जायला' होते आणि गंमत सुरू होते. 'मी जायला लागलो' म्हणजे निघालो. 'मला जायला लागलं' म्हणजे इच्छा नसताना जाणे भाग पडले. 'मी' आणि 'मला' एवढ्यावर सगळा अर्थ फिरतो. मराठी शिकणारा परभाषिक इथे हमखास अडतो. अहिराणीत ही अडचणच नाही. सुरुवातीसाठी तिथे 'लागना' आहे : 'पोर रडाले लागनं'. सक्तीसाठी मात्र 'पडना' : 'माले जानं पडनं', 'काम करनं पडस'. हिंदीत 'जाना पडा' आणि गुजरातीत 'जवुं पड्युं' म्हणतात, तशीच ही रचना आहे.

खानदेशच्या उत्तरेला आणि पश्चिमेला या दोन भाषा असल्याने हे साम्य नवलाचे नाही. भाषाभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा, म्हणजे अहिराणीचा, विचार मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांबरोबर, नवव्या खंडाच्या १९०७ साली निघालेल्या तिसऱ्या भागात केला. त्या वर्गीकरणावर वाद झाले आणि होत राहतील. एका क्रियापदावरून बोलीचे कुळ ठरत नाही. पण सक्तीची ही रचना वादात पुराव्यादाखल मांडण्याजोगी आहे, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा बाजारात उभे राहून ऐकलेली बरी. अमळनेर-पारोळ्याकडचा माणूस घरी 'करनं पडस' म्हणतो आणि तहसील कचेरीच्या खिडकीपाशी 'करावं लागतं'वर येतो.

या क्रियापदापासून झालेली नामे आणि विशेषणेही बरीच आहेत : लाग, लागवड, लागू, लागट. 'लागण' रोगाची आणि रोपांची, दोन्हींची असते. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांत 'लागण झाली का?' हा प्रश्न शेतीचा असतो; साथीच्या दिवसांत तोच प्रश्न डॉक्टरांचा. भुताने झपाटण्याला 'बाहेरचं लागणं' म्हणतात, आणि नजरही लागतेच, अहिराणीत 'नजर लागनी'.