यूएस अटर्नी ऑफिसमध्ये सुपरवायझरी लीगल असिस्टंट: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अमेरिकेतल्या मराठी घरांत एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. विचारणारी बहुधा एखादी ताई असते. तिकडे एलएलबी झालेली, चार-सहा वर्षं कोर्टात काढलेली, लग्नानंतर इथे आलेली, मधली काही वर्षं व्हिसापायी घरी गेलेली आणि आता सिटिझन झालेली. तिला विचारायचं असतं, "सरकारी वकिलांच्या ऑफिसात माझ्यासाठी काही आहे का?"

वकील म्हणून जायचं तर इथल्या एखाद्या राज्याच्या बारचं सदस्यत्व, म्हणजे वकिलीचा परवाना, लागतं. तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे. पण त्याच ऑफिसात लीगल असिस्टंट ही सरकारी नोकरी असते. अनुभव वाढला की त्याच मार्गावर पुढे सुपरवायझरी लीगल असिस्टंटचं पद येतं. त्याला ना बार लागतो, ना कायद्याची पदवी. तरीही बरेच चांगले उमेदवार पहिल्याच चाळणीत गळतात. कारण ते आपल्या पदवीवर भर देतात आणि ऑफिसला पाहायचं असतं ते वेगळंच: एका वर्षाचा नेमका, ठरलेल्या पातळीचा अनुभव.

पद नेमकं काय आहे

केंद्र सरकारच्या वतीनं फेडरल कोर्टात खटले चालवतो तो यूएस अटर्नी. देशात ९४ फेडरल न्यायिक जिल्हे आणि ९३ यूएस अटर्नी आहेत, कारण ग्वाम आणि नॉर्दर्न मारियाना बेटं यांच्यासाठी मिळून एकच नेमतात. ही सगळी ऑफिसं न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात. जीएस म्हणजे जनरल शेड्यूल, सरकारी नोकऱ्यांची पगारश्रेणी. तिथल्या लीगल असिस्टंटच्या जागा त्या वर्गीकरणात ०९८६ या मालिकेत, म्हणजे कामाच्या प्रकाराच्या क्रमांकात, मोडतात. पॅरालीगल स्पेशालिस्टची मालिका वेगळी, ०९५०, आणि वकिलांची ०९०५. जाहिरात उघडली की आधी हा आकडा पाहावा.

नावातल्या 'सुपरवायझरी' या शब्दाला वजन आहे. नियमानुसार माणसांवर देखरेख करण्यात पदाचा किमान २५ टक्के वेळ जात असेल तरच हा शब्द लावता येतो. काम वाटणं, तपासणं, रजा मंजूर करणं, वर्षाचं मूल्यमापन लिहिणं, कुणाचं काम घसरलं तर त्याच्याशी बोलून नोंद ठेवणं, हे सगळं त्यात आलं. 'लीड' लीगल असिस्टंट सहकाऱ्यांना कामाची दिशा देते, पण त्यांचं मूल्यमापन आणि शिस्त तिच्या हातात नसते. जाहिरात यांपैकी कशाची आहे ते नीट वाचा.

उरलेला वेळ जातो तारखांमध्ये, आणि इथेच या कामाची खरी कसोटी लागते. साध्या प्रतिवादीला दिवाणी दाव्याला उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात, सरकारला ६०. दिवाणी अपिलाची नोटीस एरवी ३० दिवसांत द्यावी लागते, पण खटल्यात सरकार पक्षकार असेल तर सगळ्यांनाच ६० दिवस मिळतात. फौजदारी खटल्यात आरोपीला अपिलासाठी १४ दिवस, सरकारला ३०. शिवाय स्पीडी ट्रायल कायद्याचं घड्याळ असतंच. अटकेपासून ३० दिवसांत आरोपपत्र आलं पाहिजे. मग आरोपपत्र दाखल होणं किंवा आरोपीची कोर्टातली पहिली हजेरी, यांतलं जे नंतर होईल तिथून ७० दिवसांत खटला सुरू झाला पाहिजे. कोणते दिवस या मोजणीतून वगळायचे याचे आणखी नियम आहेत. एक तारीख चुकली तर त्याची किंमत खटल्याला मोजावी लागते. पाच-सहा जणींच्या हातून जाणाऱ्या अशा सगळ्या तारखांवर जिची नजर असते, ती ही सुपरवायझर.

कोर्टात काहीही दाखल करण्याआधीची झाकपाकही तिच्याच देखरेखीखाली होते. सोशल सिक्युरिटी नंबरचे आणि बँक खात्याचे शेवटचे चार अंकच ठेवायचे, जन्मतारखेतलं फक्त वर्ष, अल्पवयीन मुलांची नुसती आद्याक्षरं आणि फौजदारी खटल्यात घराच्या पत्त्याऐवजी फक्त गाव आणि राज्य. ग्रँड ज्युरीची, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची, कागदपत्रं तर कायद्यानंच गुप्त असतात. ही सवय अंगात मुरलेली असेल तर अर्जात ती ठळकपणे लिहावी.

पदवी मोजतात का?

या मालिकेला सरकारचं कारकुनी आणि प्रशासकीय साहाय्याच्या पदांचं मानक लागू होतं. त्यात जीएस-५ पर्यंत (इथे जीएसपुढचा आकडा म्हणजे ग्रेड, पदाची पातळी) शिक्षण अनुभवाच्या जागी चालतं. हायस्कूलनंतरची चार वर्षं पूर्ण असतील तर जीएस-५ साठी तुम्ही पात्र ठरता. जीएस-६ पासून पुढे मात्र साधारणपणे अनुभवच लागतो, तोही लगतच्या खालच्या ग्रेडच्या तोडीचा, किमान एक वर्षाचा. म्हणजे जीएस-९ ची जागा असेल तर जीएस-८ च्या तोडीचं काम वर्षभर केलेलं हवं. सुपरवायझरी जागा जीएस-५ च्या वरच्याच असतात, त्यामुळे पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची एलएलबी इथे थेट मोजली जात नाही.

हे वाचून खट्टू होऊ नका. यातून एक वाट उघडते. खालच्या ग्रेडच्या लीगल असिस्टंट पदावर शिक्षणाच्या जोरावर शिरता येतं आणि तिथून दर वर्षी अनुभव जमतो. जीएस-५ साठी परदेशी पदवी दाखवायची असेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. मोठ्या ग्रेडसाठी अर्ज करणाऱ्यांनी यावर पैसे घालवू नयेत.

अनुभव सरकारीच हवा असं नाही. खासगी लॉ फर्म, काउंटीचं वकिली ऑफिस, कोर्टाचं क्लार्क ऑफिस, स्वयंसेवी कायदेविषयक मदत केंद्र यांतलं काम चालतं. बिनपगारी कामही मोजतात. अर्धवेळ काम मात्र तासांच्या प्रमाणात मोजलं जातं. आठवड्याला २० तास असतील तर दोन वर्षांचं एक वर्ष होतं. आधीच सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक अट असते: लगतच्या खालच्या ग्रेडवर ५२ आठवडे पूर्ण झालेले हवेत.

नागरिकत्व, वास्तव्य आणि पुरुषांसाठीची एक अट

ग्रीन कार्ड इथे पुरत नाही, अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. त्याच्या जोडीला न्याय विभागाची वास्तव्याची अट आहे आणि ती अनेकांच्या लक्षातच येत नाही. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांपैकी किमान तीन वर्षं तुम्ही अमेरिकेत राहिलेले असायला हवेत. ही तीन वर्षं सलग नसली तरी चालतात. परदेशात अमेरिकी सरकारची किंवा सैन्याची नोकरी करणाऱ्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना यातून सूट आहे. पण आई-वडिलांच्या आजारपणात दोन-अडीच वर्षं सांगलीला किंवा नाशिकला राहून आलेल्यांनी आधी तारखांचा हिशेब मांडावा आणि मगच अर्ज करावा. आपल्यातले कितीतरी जण असे राहून येतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पुरुष उमेदवारांसाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे सक्तीची सैन्यभरती झालीच तर त्यासाठी नावं नोंदवून ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, अट आहे. ३१ डिसेंबर १९५९ नंतर जन्मलेल्या पुरुषांनी १८ ते २५ या वयात तिथे नाव नोंदवलेलं असावं लागतं. वयाची २६ वर्षं झाल्यावर इथे आलेल्यांना ही अट नाही. त्या संपूर्ण काळात एफ-१ किंवा एच-१बी सारख्या वैध तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनाही नाही. तरी पुरावा जवळ हवा. जुना पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी व्हिसाचा फॉर्म), आय-९४ (देशात आल्याची नोंद) शोधून ठेवा आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून 'स्टेटस इन्फर्मेशन लेटर' मागवून घ्या. लहानपणी आई-वडिलांबरोबर आलेल्या आणि विशीच्या आत ग्रीन कार्ड मिळालेल्या मुलांना मात्र नोंदणी बंधनकारकच होती. घरी त्या वयाचा मुलगा असेल तर आजच विचारा.

अर्ज कसा करायचा

जागा यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर निघतात. लॉगिन डॉट गव्हवर खातं उघडून तिथे प्रोफाइल करावं लागतं. जाहिरातीत सर्वांत आधी ही जागा कुणासाठी खुली आहे ते पाहा. सर्वसामान्यांसाठी असते, फक्त सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असते, कधी कधी त्याच विभागातल्या लोकांपुरतीही असते. सुपरवायझरी जागा बऱ्याचदा आतल्यांसाठीच निघतात. अशा ठिकाणी बाहेरच्यानं अर्ज करून रात्री जागवण्यात अर्थ नाही. मुदत ईस्टर्न वेळेनुसार रात्री ११:५९ ला संपते. कॅलिफोर्नियात तेव्हा ८:५९ झालेले असतात. काही जाहिराती ठरावीक संख्येनं अर्ज आले की त्याच दिवशी बंद होतात, म्हणून शेवटच्या तारखेवर विसंबू नये.

रेझ्युमेवर सगळं अवलंबून आहे. पूर्वी सरकारी रेझ्युमे पाच-सात पानांचे असायचे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून दोन पानांची मर्यादा आली आहे. त्यात प्रत्येक नोकरीचा सुरुवातीचा आणि शेवटचा महिना व वर्ष, आठवड्याचे तास आणि सरकारी नोकरी असेल तर मालिका व ग्रेड लिहावं. तास लिहिले नाहीत तर तो अनुभव मोजताच येत नाही आणि भरतीवाले फोन करून विचारत बसत नाहीत.

'वकिलांना सर्व प्रकारचं साहाय्य केलं' या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असं लिहावं: 'चार लीगल असिस्टंटांना रोजचं काम वाटलं, त्यांची दाखल करायची कागदपत्रं तपासली, दोन नव्या कर्मचाऱ्यांना फेडरल कोर्टाचं ई-फायलिंग शिकवलं, सात वकिलांच्या तारखांचं कॅलेंडर सांभाळलं.' आकडे अर्थातच तुमचे आणि खरे हवेत. जाहिरातीतला विशेष अनुभवाचा परिच्छेद समोर ठेवा आणि त्यातली एकेक गोष्ट आपल्या रेझ्युमेत कुठे दिसते ते बोट ठेवून पाहा. जी दिसत नाही ती तुमच्याकडे नाही असंच धरलं जातं. प्रश्नावलीत स्वतःला 'तज्ज्ञ' म्हणवून घेतलं आणि रेझ्युमेत त्याला आधार नसला, तर तो अर्ज टिकत नाही.

कागदपत्रांमध्ये रेझ्युमे सगळ्यांनाच लागतो. सध्याच्या किंवा माजी सरकारी कर्मचाऱ्यांनी एसएफ-५० हा नेमणुकीच्या नोंदीचा फॉर्म जोडायचा, त्यावर ग्रेड आणि सेवेचा प्रकार स्पष्ट दिसला पाहिजे. अलीकडचं मूल्यमापनही बहुधा मागतात. माजी सैनिकांनी डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला आणि भरतीत माजी सैनिकांना मिळणारं दहा गुणांचं प्राधान्य हवं असेल तर त्यासाठीचा एसएफ-१५ हा अर्ज जोडायचा. गुणपत्रिका फक्त शिक्षणाच्या जोरावर पात्रता मागत असाल तेव्हाच.

निवड झाल्यावर

मुलाखतीनंतर आधी सशर्त ऑफर येते. तिच्यावर विसंबून हातातली नोकरी सोडू नका. मग ओएफ-३०६ हे घोषणापत्र, बोटांचे ठसे, आर्थिक पत तपासणी, अमली पदार्थांची चाचणी आणि पार्श्वभूमी चौकशी असं सगळं चालतं. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल नोकरीत तो चालत नाही. चौकशीचा फॉर्म ई-ॲप या प्रणालीत भरायचा असतो. पदानुसार तो परदेशातले नातेवाईक, मालमत्ता, खाती, प्रवास याबद्दल विचारू शकतो. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, एनआरओ खातं, ओसीआय कार्ड, जे जे विचारलं असेल ते सगळं लिहा. जमीन असण्यानं सहसा अडत नाही, ती लपवली तर अडतं. दहा वर्षांचे पत्ते आणि तारखा आधीच एका वहीत उतरवून ठेवल्या तर फॉर्म भरताना धांदल होत नाही.

पगार ठरतो ग्रेड, पायरी आणि गावाचा स्थानिक भत्ता यांवरून. प्रत्येक ग्रेडमध्ये दहा पायऱ्या असतात आणि बाहेरून येणाऱ्याला सहसा पहिली मिळते. खास अनुभव दाखवून वरची पायरी मागता येते, पण ती रुजू होण्याआधीच मंजूर व्हावी लागते. नंतर मागून मिळत नाही. आपल्याकडच्या बायका इथे संकोच करतात असं मी पाहिलंय. ऑफर हातात आल्यावर लेखी मागणी करा.

पहिल्यांदाच सुपरवायझर होणाऱ्याला त्या भूमिकेचा एक वर्षाचा परीक्षाकाळ असतो. आधीपासून सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला तो जमला नाही, तर नोकरी जात नाही. आधीच्या ग्रेड आणि पगारापेक्षा खाली नसलेल्या जागेवर त्याला परत पाठवतात. बाहेरून थेट येणाऱ्याला हे संरक्षण नसतं, त्याच्या नोकरीचाच परीक्षाकाळ चालू असतो.