कचेरीतली चप्पल: जुन्या वादाची पार्श्वभूमी

८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. गाजली ती जीन्स आणि टी-शर्टवरची बंदी. पादत्राणांचा मजकूर त्या गदारोळात मागे पडला. महिलांनी शक्यतो चपला, सँडल किंवा बूट वापरावेत, पुरुषांनी बूट किंवा सँडल, आणि स्लीपर घालून कार्यालयात येऊ नये, असं त्यात होतं. पुरुषांच्या यादीत चप्पल नव्हती. ही गोष्ट कोणा एका अधिकाऱ्याच्या लहरीतून आली असेल असं मला वाटत नाही. बूट म्हणजे शिस्त आणि चप्पल म्हणजे ढिलाई, ही समजूत फार आधीपासून आपल्या कचेऱ्यांत मुरलेली आहे. कचेरीत चप्पल चालावी की नाही, हा वाद त्यातूनच येतो.

इंग्रजांच्या आधी कामाची जागा म्हणजे बैठक. कारकून मांडी घालून बसायचे, कागद गुडघ्यावर किंवा समोरच्या उतरत्या मेजावर, आणि जोडे दाराबाहेर. तिथे पादत्राण योग्य कोणतं हा प्रश्नच नव्हता. मुंबईत मूळजी जेठा मार्केटातल्या कापडाच्या जुन्या पेढ्यांवर आजही पांढऱ्या गादीवर बसून लाखोंचे व्यवहार होतात आणि चपला खालीच राहतात. टेबल-खुर्ची आली तशी ही रीत बदलणार होतीच. पण ती नुसत्या सोयीने बदलली नाही; तिच्यात सत्ता शिरली.

गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्टच्या काळात, म्हणजे १८२० च्या दशकात, हिंदी माणसाने साहेबासमोर जोडे काढून आदर दाखवावा असा आग्रह सुरू झाला. डलहौसीच्या वेळी तो आणखी कडक झाला. मात्र १८५४ मध्ये एक सवलत मिळाली: युरोपीय पद्धतीचे बूट घातले असतील तर सरकारी प्रसंगी ते पायात ठेवायला हरकत नाही. देशी जोडा असेल तर तो काढायचाच. माझ्या मते या वादाचं खरं मूळ इथे आहे. पाय झाकले आहेत की उघडे, हे कोणी पाहत नव्हतं. पादत्राण कोणाच्या चालीचं आहे यावर सगळं ठरत होतं.

मुंबई इलाख्यात या नियमाला ठळक आव्हान मिळालं ते सुरतेत. १८६२ साली तिथल्या फौजदारी अदालतीतले असेसर, म्हणजे जज्जाला सल्ला देणारे साहाय्यक, माणेकजी कावसजी एंटी यांनी सेशन्स जज्जापुढे जोडे काढायला नकार दिला. जज्जाने त्यांना आत येऊ दिलं नाही. त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरांकडे तक्रार पाठवली. देवळात किंवा घरात जोडे काढण्यामागे पावित्र्य आणि स्वच्छता आहे, न्यायालय ही तशी जागा नाही, असा हिंदी लोकांचा युक्तिवाद होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

तरीही ‘बूट परका, चप्पल आपली’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. अनेक गावांत सवर्णांच्या वस्तीतून जाताना दलितांना चपला हातात घ्याव्या लागत. ज्यांना पायात काही घालण्याचाच हक्क नव्हता, त्यांच्या पुढच्या पिढीने पॉलिश केलेले बूट घालून कचेरीत पाऊल टाकलं, त्यात साहेबाची नक्कल पाहणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. बाबासाहेबांच्या सुटाबुटाकडेही याच नजरेने पाहायला हवं.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, नियम राहिले. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने अनवाणी आलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांना प्रवेश नाकारला. पुढे आयटी कंपन्यांतून शुक्रवारपुरती सैल वेशभूषा आली, करोनाकाळात लोक घरूनच काम करू लागले आणि खासगी क्षेत्रातला बुटाचा दरारा बराच ओसरला.

सरकारी यादीत मात्र तो टिकला, आणि तोही विचित्र परिस्थितीत. राज्याचं चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं लिडकर यांच्या प्रयत्नांतून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या चपलेलाच वापरता येईल अशी नोंद, मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला पुरुष मॉडेलांच्या पायांत घातल्या, तेव्हा कारागिरांचं श्रेय बुडालं म्हणून महाराष्ट्रात संताप उसळला. तो रास्तच होता. पण ज्या चपलेच्या श्रेयासाठी हा संताप होता, तिला सरकारी पुरुषांच्या यादीत जागा नव्हती.

कारखान्यात, प्रयोगशाळेत, जिथे पायावर जड वस्तू किंवा रसायन पडू शकतं तिथे बंद बूटच हवेत. त्यात तडजोड नको. पण फायली आणि संगणकाच्या कामाला हे कारण लागू होत नाही. स्वच्छ, नीट शिवलेली कोल्हापुरी घालून मंत्रालयात आलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला नियमाचा आधार मिळायला हवा, आणि त्यासाठी परिपत्रकातल्या पुरुषांच्या यादीत चपलेची भर घातली तरी पुरे आहे.